सहावा कंदील

"तुम्ही नेमकं करता काय?" हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात विचारतात, बँकेत विचारतात आणि एकदा दाढ काढताना दातांच्या डॉक्टरांनीही विचारला होता. गणिताची गाडी चालवते म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे ड्रायव्हर?" तर ड्रायव्हर रफीकभाई आहेत. ते महाडचे, आखातात ट्रेलर चालवून परत आलेले. मी पाठीमागच्या पेट्या सांभाळते. एका छोट्या संस्थेची जुनी गाडी, तिच्यात काड्या, तारा, पुठ्ठे, टॉर्च. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या शाळाशाळांतून आम्ही भूमिती घेऊन फिरतो.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहायचं म्हटल्यावर मला एकच दिवस आठवला. त्या दिवशी पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीत एका भल्या माणसाची जन्मभराची टिंगल सुरू होणार होती, आणि ती माझ्या तोंडून सुरू होणार होती. वाडीचं नाव लिहीत नाही. तिथले लोक मला अजून चहा देतात, तो चालू राहावा.

आधी माझ्या तोंडाबद्दल. आमच्या घरी बाबा चळवळीतले. पलंगाखाली, फडताळात, पिठाच्या डब्यावर पत्रकांचे गठ्ठे. मी अक्षरं शिकले ती बुवाबाजीच्या विरोधातल्या एका पिवळ्या पत्रकावर. त्यामुळे खोटं दिसलं की गप्प बसायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नाही. रफीकभाई म्हणतात, "ताई, तुम्ही साधं 'पाणी द्या' म्हणालात तरी मोर्चा निघाल्यासारखं वाटतं."

आता काम. बांबूच्या सारख्या लांबीच्या काड्या घ्यायच्या. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घ्यायची, तिचे तुकडे एकमेकांत ओवून सांधा करायचा आणि त्यात काड्या खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण होतो, सहा काड्यांचा तिकोनी टोपीसारखा चतुष्फलक होतो. बारा काड्यांचा घन होतो, पण तो उभा राहत नाही, दारू प्यायल्यासारखा कलतो. चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही. छपराला तिरप्या वाशांची कैची का मारतात ते मुलांना तिथेच कळतं. हिरकणीवाडीला एका ताईंचं ताकाचं खोपटं वाऱ्याने सारखं झुकायचं. मी दोन बांबू तिरपे बांधून दिले. अजून उभं आहे. या कामात पुरस्कार मिळत नाहीत, असलं काहीतरी मिळतं.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडांवर गुडघेदुखीवाले येतात. त्यांतल्या एका आजोबांना कुणीतरी तांब्याचा पिरॅमिड विकला होता, गुडघ्यावर ठेवायला. मी त्यांना तासभर सांगितलं की आकारात औषध नसतं, हा तुमच्या दुखण्यावर चाललेला धंदा आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं, माझ्या काड्यांचा पिरॅमिड हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. तुमच्या याच्यात ताकदच नाय. तांब्याचाच बरा." रफीकभाई त्यानंतर सबंध रस्ताभर हसत होते.

आमच्या खेळाचा शेवट ठरलेला असतो. मी विचारते, सगळ्या अंगांनी सारखा असा ठोकळा किती प्रकारचा होईल? दोन अटी. प्रत्येक पृष्ठ एकाच मापाचं आणि सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेलं, आणि प्रत्येक कोपऱ्यात तेवढीच पृष्ठं एकत्र आलेली. मुलं जोडतात, मोडतात, भांडतात. शेवटी पाच निघतात. चार त्रिकोणांचा, सहा चौरसांचा, आठ त्रिकोणांचा, बारा पंचकोनांचा आणि वीस त्रिकोणांचा. मग मी म्हणते, "पाचच. सहावा नाही. कुणी 'आहे' म्हणालं, तर त्याला म्हणा, दाखव."

हे वाक्य मी त्या वाडीच्या शाळेतही म्हटलं होतं. खिडकीबाहेर तात्या उभे होते.

तात्या म्हणजे वाडीतले कंदीलवाले. शेती आहे, पण जीव कंदिलात. दसरा झाला की ओटीवर बांबूच्या कामट्या, दोरा, खळ आणि रंगीत कागद पसरून बसणार. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या कंदिलांनी त्यांचं गिऱ्हाईक जवळजवळ संपवलं होतं, तरी ते बसायचे. वाडीतले त्यांना हसायचे, पण हातचं राखून. माझं वाक्य ऐकून ते घरी गेले आणि कामट्या बांधायला लागले.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मला दिनेशचा फोन आला. दिनेश तिथल्या मंडळाचा अध्यक्ष, नोकरी मुंबईला, सणाला गावी. "म्याडम, आमच्या तात्यांनी सहावा काढला! फोटो टाकलाय." फोटोत एक पांढरा कंदील आढ्याला टांगलेला. खालून काढलेला, तीन त्रिकोण दिसत होते, टोक खाली. तो चतुष्फलक असू शकत होता, आणखी काहीही असू शकत होता. मी म्हटलं, "येऊन बघते." मुंबईच्या गडबडीत दिनेशला ते "येऊन सत्कार करते" असं वाटलं असावं.

आम्ही दुपार कलताना वाडीत शिरलो तर वेशीवरच फ्लेक्स. "जगातील सहाव्या आकृतीचे जनक." खाली तात्यांचा टोपीतला फोटो, आणि त्याखाली दिनेश आणि मंडळाच्या सगळ्या पोरांचे गॉगलमधले फोटो. शाळेच्या पटांगणात खुर्च्या, माईक, शाल, नारळ. आसपासच्या वाड्यांवरूनही माणसं येत होती. तात्यांची बायको, सगळ्यांची काकी, नवं लुगडं नेसून घराच्या दारातच उभी होती.

"ये गो ये," म्हणाली. "बघ तरी यांचं काय चाललंय. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत सुद्धा या माणसाचं नाव छापताना चुकवलं होतं. आज पहिल्यांदा बरोबर छापून आलंय. मी दोनदा वेशीपर्यंत जाऊन वाचून आले."

मग तिने कंदील दाखवला. मी हातात घेतला आणि एकेक कोपरा बोटाने मोजला.

सहा त्रिकोण होते. सहाही एका मापाचे, सुरेख कापलेले, कामट्या केसभर इकडेतिकडे नाहीत. दोन तिकोनी टोप्या तळाला तळ लावून चिकटवल्यासारखा आकार. आणि तो सहावा नव्हता. वरच्या आणि खालच्या टोकाला तीन त्रिकोण भेटत होते, मधल्या तीन कोपऱ्यांना चार. पृष्ठं सारखी, पण कोपरे सारखे नाहीत. पहिली अट पास, दुसरी नापास.

मी गाडीकडे गेले. रफीकभाई बॉनेटला टेकून चहा पीत होते. त्यांना सांगितलं.

"मग?" ते म्हणाले.

"मग काय? माईकवर सांगणार. खोटं आहे ते."

"ताई, दोन नारळ फुटतील, एक शाल जाईल. गणिताचं काय बिघडणार त्यात?"

"आज इथे टाळ्या वाजवल्या तर उद्या पिरॅमिडवाल्याला मी कुठल्या तोंडाने बोलू?"

रफीकभाईंनी कप खाली ठेवला. "या वाडीत तो वरच्या आळीतला पांडू माहितीये? पंधरा ऑगस्टला भाषण करताना मध्येच विसरला आणि 'माझे दोन शब्द संपवतो' म्हणाला. त्याला अजून दोनशब्द म्हणतात. त्याच्या पोराला दोनशब्दाचा म्हणतात. तुम्ही माईकवर बोलाल ते खरंच असेल. पण ते तात्यांना चिकटेल, आणि तुम्ही संध्याकाळी महाडला घरी असाल."

मला राग आला, कारण ते खरं होतं. आमच्याकडे एकदा नाव पडलं की ते पिंडाला कावळा शिवेपर्यंत सुटत नाही. पत्रकात हे कधी वाचलं नव्हतं. पत्रकात समोर नेहमी बुवा असतो, लबाड. इथे समोर कामट्या बांधणारा माणूस होता. तो लबाडी करत नव्हता, चुकला होता. आणि खोट्याला खरं म्हणणं मला जमणारच नव्हतं. तेवढं मला ठाऊक होतं.

मग एवढंच ठरवलं की आधी त्यांना सांगायचं, एकट्याला. कंदील घेऊन तात्यांना शाळेच्या पाठीमागच्या ओट्यावर नेलं. ते टोपी नीट करत आले. मी प्रस्तावना केली नाही. मला येत नाही.

"तात्या, हा सहावा नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कंदिलाकडे. "सगळे कागद एकाच साच्यावर कापलेत मी. एक घे, दुसऱ्यावर ठेव. तसूभर फरक नाय."

"कागद बरोबर आहेत. कोपरे बघा."

"कोपऱ्यांचं काय?"

मी मोजून दाखवणार होते, पण त्यांचा चेहरा बघून थांबले. त्यांनी शाळेत गणित सोडलेलं होतं. माझं मोजणं त्यांना छडीसारखं लागलं असतं. मी म्हटलं, "तुम्ही कंदील टांगता कुठून?"

"टोकातून. आनि कुठून?"

"आज दुसऱ्या कोपऱ्यातून टांगा."

त्यांनी खिशातून दोरा काढला, मधल्या एका कोपऱ्याला गाठ मारली आणि कंदील ओट्याच्या वाशाला लटकवला. कंदील वाकडा लटकला. नेहमीचं खालचं टोक आता आडवं एका बाजूला गेलं, तळाशी टोकाऐवजी कामटीची कड आली. खालून बघितलं तर नेहमीची ती तीन पाकळ्यांची चांदणी कुठेच नव्हती.

तात्या खाली वाकून, मान वर करून बघत राहिले. मग म्हणाले, "आयला."

कंदील बोटाने फिरवून म्हणाले, "उभ्या जन्मात कंदील दुसऱ्या कोपऱ्यातून टांगला नाय मी. कशाला टांगेल कोण? एकच जागा असते टांगायची."

"बाकीचे पाच कुठूनही टांगा, सारखेच दिसतात," मी म्हटलं.

"ते कळलं गो." ते ओट्यावर बसले. पटांगणातून आवाज येत होता, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग." तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आता नाव पडणार माझं. सहावा म्हणतील. माझ्या नातवाला सहाव्याचा म्हणतील." मग माझ्याकडे न बघता, "ही मात्र वेशीपर्यंत जाऊन आली दोनदा."

सांत्वनाची वाक्यं माझ्याकडे नाहीत. म्हणून मी जे येतं ते केलं. त्यांच्या पिशवीत त्याच साच्यावरचे उरलेले कागद होते, ते ओट्यावर मांडले.

"तात्या, एका कोपऱ्यात तीन त्रिकोण लावा." त्यांनी लावले, कडा जुळवल्या, टोपी झाली. चार लावले, पसरट टोपी झाली. पाच लावले, आणखी पसरट, पण उभार होता. "आता सहा." त्यांनी सहा लावले. कागद ओट्यावर भाकरीसारखे सपाट बसले. त्यांनी कडा दाबून बघितल्या. उचलून बघितल्या. उभारच येईना.

"चौकोनाचं?"

"तीन उभे राहतात. चार लावलेत की शाळेची फरशी."

"पाच कोनांचे?"

"तीनच. चौथा मावत नाही. आणि सहा कोनांचे तीन लावलेत की मधाच्या पोळ्यासारखं सपाट. त्याच्या पुढचे तर तीनसुद्धा मावत नाहीत. संपलं."

तात्यांनी बोटं मोडत मोजलं. त्रिकोणाचे तीन, चौकोनाचा एक, पंचकोनाचा एक. परत मोजलं. "म्हणजे सहावा नायच?"

"नाहीच."

"मी नाय काढला असं नाय. कुणालाच नाय काढता येणार."

"कुणालाच. कधीच."

"मुंबईच्या इंजिनेरला?"

"त्यालाही नाही."

"फॉरेनला?"

"तात्या, देवाने ठरवलं तरी नाही." हे वाक्य बाबांनी ऐकलं असतं तर मला घरात घेतलं नसतं, पण ते गणिताचं होतं.

तात्यांच्या छातीतून एक लांब श्वास बाहेर आला. माझ्या कामात मी बरेच श्वास ऐकलेत, घंटा झाल्यावर मुलांचे, मी गेल्यावर मास्तरांचे. असा नाही. ते म्हणाले, "मग मी नापास झालो नाय. पेपरच चुकीचा होता." आणि हसले. माझेही खांदे तेव्हा कुठे खाली आले. तोवर ते कानांपर्यंत गेलेत हे मला कळलंच नव्हतं.

"चल," ते उठले. "आता तू बोलू नको. तुझं तोंड जड हाय. मी सांगतो."

"काय सांगणार?"

"वाकडा टांगून दाखवतो."

पुढचं मी पहिल्या रांगेत बसून बघितलं, शब्दशः हात बांधून. दिनेशने माईकवर "आपल्या मातीतला शास्त्रज्ञ" वगैरे सुरू केलं. तात्यांनी त्याच्या हातातून माईक घेतला, तो उलटा धरला, मग सुलट.

"मंडळी, मी सहावा काढला म्हणून तुम्हाला बोलावलं. मी काढला नाय." लोक एकमेकांकडे बघायला लागले. "आता बघा." त्यांनी कंदील टोकातून टांगला. "हा असा चांगला दिसतो का?" लोक म्हणाले, हो. त्यांनी गाठ सोडली, मधल्या कोपऱ्यातून टांगला. कंदील वाकडा झाला. पोरं हसली. "हसा. मीपण हसलो. नवरा मुलगा जसा एकाच अंगाने फोटो काढून घेतो, तसं झालं हे." आता बायकाही हसल्या. मग त्यांनी पुढच्या बाकावरच्या पोरांना कागद दिले आणि म्हणाले, एका कोपऱ्यात सहा लावा, उभे करून दाखवा, दाखवलं तर माझी शाल तुमची.

पोरं लागली. पोरांच्या मागून बाप आले, मग मंडळाची गॉगलवाली पोरंही गुडघ्यावर बसली. पटांगणभर माणसं सहा त्रिकोण उभे करायला झटत होती आणि एकाचेही उभे राहत नव्हते. मी शाळाशाळांतून जे सांगत आले, ते इतक्या जोरात आणि इतक्या भांडणात कधी कळलेलं मी पाहिलं नव्हतं.

शेवटी दिनेश माईकपाशी आला, पडलेल्या चेहऱ्याने. "पण मग सत्कार कशाचा करायचा आपण?"

मागून काकीचा आवाज आला, माईकशिवाय. "कशाचा म्हणजे? आख्ख्या गावाला गुडघ्यावर बसवलं यांनी, त्याचा कर! आनि नारळ फोडलायस तो काय परत चिकटवणार हायस, रे?"

हशा झाला आणि त्या हशातच शाल तात्यांच्या खांद्यावर गेली. रफीकभाईंनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी दुसरीकडे बघितलं. त्यांना श्रेय द्यायची मला घाई नव्हती. आज देते.

नाव पडलं नाही. त्या आठवड्यात वाडीतल्या घराघरात वाकडे टांगलेले कंदील होते, मुद्दाम. बघायला येणाऱ्या पाहुण्यांना पोरं सांगायची, ओळखा पाहू काय चुकलंय. फ्लेक्स मात्र पावसाळ्यापर्यंत तसाच होता. नंतर काकीने तो काढून लाकडांवर झाकला, नावाची बाजू वर ठेवून.

त्या संध्याकाळी निघताना तात्या गाडीपाशी आले. "ताई, इथे पाच. दुसरीकडे कुठे सहा हाय का?"

हे मला शाळेत कुणी कधी विचारलं नव्हतं. मी त्यांना टॉर्च आणि तारेचा घन घेऊन भिंतीवर सावली पाडून दाखवली. ठोकळा लांबी, रुंदी, उंचीचा, सावली सपाट. तसंच समजा, या तीन दिशांना काटकोनात आणखी एक चौथी दिशा असेल, तर तिथल्या वस्तूची सावली आपल्याकडे ठोकळ्यासारखी पडेल. तिथे आपल्या पाचही ठोकळ्यांची थोरली भावंडं आहेत, आणि एक जास्तीचा, ज्याचं आपल्याकडे कुणीच नाही. चोवीस अष्टफलकांचा, म्हणजे आठ त्रिकोणांच्या ठोकळ्यांचा, बनलेला. त्याच्याही पुढे, पाचव्या दिशेपासून पुढे कितीही दिशा घ्या, फक्त तीनच उरतात, कायमचे.

"वर गेलं की गर्दी कमी," तात्या म्हणाले. "त्या सहाव्याची सावली बांधता येईल?"

मी वहीचं पान फाडून चित्र काढलं. बाहेर मोठा अष्टफलक, मधोमध छोटा अष्टफलक, दोघांच्या मध्ये बारा कोपऱ्यांचा सांगाडा. प्रत्येक कोपऱ्यात आठ कामट्या यायला हव्यात. सावलीत लांब्या कमीजास्त होतील, त्यावर जाऊ नका, मोजणी चुकवू नका. रफीकभाई हॉर्न वाजवत होते.

घाट उतरताना मी खिडकी उघडी ठेवली. रफीकभाईंनी विचारलं, "आज मोर्चा गप्प कसा?" माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी खरं माझ्याऐवजी दुसऱ्याला सांगू दिलं होतं, आणि ते माझ्यापेक्षा बरं सांगितलं गेलं होतं. थोडं टोचलं. पण हलकं फार वाटलं.

यंदाच्या दसऱ्यानंतर फोन आला. मागे काकीचा आरडाओरडा ऐकू येत होता की ओटीवर पाय ठेवायला जागा नाही.

"ताई, झाला. सगळे कोपरे मोजले. बाहेरचे मोजले, मधले मोजले, आतले मोजले. सगळीकडे आठ. हिनेपन मोजले."

"तात्या, मग जमला तो!"

"मोजून जमला गो. पण मी आता टांगून बघितल्याबिगर कुणावर विश्वास ठेवत नाय. बाहेरच्या कोपऱ्यातून टांगला, झ्याक दिसतो. आतल्या कोपऱ्यातून टांगायचा तर हात पोचत नाय. तू म्हणालीस ना, ती चौथी दिशा हाय म्हणून?"

"हो."

"मग मला एवढंच सांग. त्या दिशेला खिळा कुठं ठोकू?"